मानकरीण टिटवी

परळ,
ता. ३ एप्रिल

आक्कास मालनचा नमस्कार.

मागच्या खेपेला तुझ्याशी फोनवर बोलले ते अख्ख्या चाळीला ऐकू गेलं, तुला सोडून. म्हणून पुन्हा कागदावर आले. रामदासला सांग, आईच्या कानाचं मशीन कपाटात ठेवून कान बरा होत नाय.

बातमी अशी की माहेरचं माणूस भेटलं. आमच्या चाळीमागं मिल पाडून मोकळी केलेली जागा तू बघितली आहेस. अकरा वर्षं तिथं मुरूम, खडी आणि बिल्डरचा बोर्ड, दुसरं काय उगवलं नाय. तिथंच आमची नवी बिल्डिंग व्हायची आहे. परवा सकाळी पत्र्याच्या फटीतून बघते, तर माळटिटवी. डोक्यावर काळी टोपी, चोचीपाशी पिवळं कातडं, काडीसारखे पिवळे पाय. चार पावलं पळाली, थबकली, मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं, परत चार पावलं पळाली. आपल्या माळावर पळायची तश्शी. मी म्हटलं, काय गं बाई, तुला पण परळातच दिली काय?

खडीतच चार अंडी घातलीत. अंडी कुठली आणि खडी कुठली, डोळे फोडून बघावं लागतं. जागा कुठली माहीत आहे? ह्यांच्या साचेखात्याची, जिथं माग चालायचे. ह्यांनी तिथं सत्तावीस वर्षं उभ्यानं काढली, बसलं की मुकादम ओरडायचा. ही आली आणि खुशाल बसली.

आता काळजीचं. अक्षय तृतीयेला, म्हणजे ३० तारखेला, भूमिपूजन आहे. आमच्या चाळ कमिटीचा सेक्रेटरी शामराव, त्यानं नारळसुद्धा आणून ठेवलेत. १५ मेच्या आत काम चालू झालं नाय तर परवानगी रद्द, मग पुन्हा पहिल्यापासून सगळ्या सह्या. मागच्या सह्या करणाऱ्यांतले नऊ जण भिंतीवर हार घालून बसलेत, त्यात आमचे हे. तर अंडी फुटायला दिवस किती लागतात ते सांग. मी विसरले. तू लहानपणी अंड्यांवर पाळत ठेवून बसायचीस, अभ्यास सोडून.

तुझी,
मालन


मौजे वरचा माळ, ता. माण,
९ एप्रिल

माले,

पत्र पोचलं. कानाचं मशीन मी लावत न्हाई, कारण लावलं की सून काय बोलती ते ऐकू येतं.

अंडी फुटायला अठ्ठावीस दिवस. एखादा पुढंमागं. फुटली की पिलं त्याच दिशी चालाय लागत्यात, घरट्यात बसून खात न्हाईत. तवा भूमिपूजनाच्या आत बेत जमतोय. उगं धास्ती घेऊ नको.

पर पाणी ठेव. टिटवी उन्हाची पाण्यात पोट भिजवून येती आणि वल्या पोटानं अंड्यावर बसती, न्हाईतर अंडी उकडत्यात. पाणी जिकडं, टिटवी तिकडं. परात उथळ पायजे, खाली दगड टाक.

इथं आता टिटवी न्हाई. बिरोबाच्या माळावर समद्या सोलरच्या काचा मांडल्यात, पाय ठेवाय जागा न्हाई. माळ तुमच्याकडं गेला, काच आमच्याकडं आली. साहेब लोक काय वाटून घेत्यात ते त्यांचं त्यांना ठावं.

आणि एक. कुणाला सांगू नको. लाजरं पाखरू हाय. माणसांची गर्दी झाली तर अंडी टाकून जाईल. तुझं तोंड मला ठाऊक हाय म्हणून लिवतीया.

शेवंती


परळ,
ता. १७ एप्रिल

आक्कास नमस्कार.

परात ठेवली. ती पोट भिजवते ते फटीतून बघितलं आणि माझंच पोट गार झालं.

बाकी सगळं गरम आहे. त्या जागेसमोर टॉवर आहे ना, आमच्याच मिलच्या दुसऱ्या तुकड्यावर झालेला? तिथं पंधराव्या मजल्यावर शेफाली म्हणून बाई राहतात. वय असेल पंचेचाळीस, कुत्रं फिरवतात आणि कुत्र्याशी इंग्लिश बोलतात. त्यांना टिटवीचा पत्ता लागला. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की ही साधी टिटवी नाय, 'मानकरीण टिटवी' आहे, शंभर वर्षांत एकदा येते, जगात अकराच उरल्यात. लोक पण काय काय सांगतात बघ.

झालं. आठ दिवसांत समिती निघाली. पाखराचं चित्र छापलेले बनियन निघाले. रोज सकाळी चाळीस माणसं पत्र्यापाशी उभी, आणि एक गृहस्थ कर्णा घेऊन ओरडतात, "शांतता राखा, पक्षी लाजरा आहे." टिटवी बिचारी अंड्यावर चपटी होऊन बसते. तिला वाटत असेल, आपण दिसत नाय. तिला काय माहीत, तिचा फोटो केकवर आहे.

मयूर म्हणून एक पक्ष्यांचा अभ्यास करणारा आला होता, कॅमेऱ्याची नळी हातभर. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "ही माळटिटवी आहे. मुंबईत एवढ्या आत दिसणं नवल, पण जात दुर्मिळ नाही." शेफालीबाई म्हणाल्या, "ते तुमच्या पुस्तकातलं झालं. आमच्याकडे स्थानिक ज्येष्ठ महिलेचं पारंपरिक ज्ञान आहे." त्यानं पण नंतर बनियन घेतलं.

पण हसण्यासारखं एवढंच. खाली त्यांचं पत्र उतरवून काढते, चाळीच्या बोर्डावर लावलंय.

"दि. १५ एप्रिल. प्रति, सेक्रेटरी, चाळ कमिटी. स.न.वि.वि. आपल्या मागील भूखंडावर अतिदुर्मिळ मानकरीण टिटवीचा अधिवास आढळला आहे. विकास होतच राहील, परंतु गेलेला पक्षी परत येत नाही. जिथे ही टिटवी नांदते तिथे एक वीटही रचली जाऊ नये, ही आमच्या सोसायटीची ठाम भूमिका आहे. याबाबत वॉर्ड ऑफिसला निवेदन दिले असून भूखंड कायमस्वरूपी राखीव ठेवण्याची मागणी केली आहे. तुम्ही निसर्गाच्या जवळची माणसे आहात, आमच्या भावना समजून घ्याल. आपली, शेफाली, निमंत्रक, मानकरीण बचाव समिती."

कायमस्वरूपी, आक्का. वॉर्ड ऑफिसनं काम थांबवायला सांगितलं. भूमिपूजन पुढं ढकललं. बिल्डरला तर कारणच पाहिजे असतं. आधी कोर्ट, मग करोना, मग वाळू, आता टिटवी.

शामराव काल माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "मालनताई, माणसांनी अकरा वर्षं ओरडून जे चालू करत आणलं, ते पाखरानं चार अंड्यांत थांबवलं." नंतर कळलं, आमची बिल्डिंग उभी राहिली की शेफालीबाईंच्या बैठकीतून दिसणारा शिवडीचा समुद्र जाणार. तरीच म्हटलं.

कुणी सांगितलं त्या बाईला, देव जाणे. ज्यानं सांगितलं त्याची जीभ झडो.

तुझी,
मालन


वरचा माळ,
२२ एप्रिल

माले,

स्वतःच्या जिभेला असं बोलू नये.

'कुणीतरी' म्हंजे तू. शाळेत तपासणीला साहेब आला हुता, तवा आमच्या तळ्यावर पांढरा हत्ती पाणी प्यायला येतो म्हणून कुणी सांगितलं? साहेब बूट घालून दोन कोस चालत गेला. गुरुजींनी छडी मला मारली, कारण तू रडाय लागलीस आणि मी न्हाई. ती छडी मी अजून विसरली न्हाई. तवा माझ्याशी 'देव जाणे' करू नको. देवाला कशाला मधी घालतीस.

आता घरापायी रडू नको. आणि त्यांच्याशी भांडाय पण जाऊ नको. भांडून तुला जमायचं न्हाई, त्यांच्याकडं कागद लई असत्यात.

आप्पांचा काळ्या कुत्रा आठवतो? टिटवीच्या पिलांकडं निघाला की ती काय करायची? चोच मारायची न्हाई. म्होरं येऊन पडायची. पंख मोडल्यावाणी फरफटत, केकाटत. काळ्या पिलं सोडून तिच्या मागं. वढ्यापर्यंत न्यायची आणि मग भुर्रकन उडून जायची. काळ्या येड्यावाणी वर बघत बसायचा. एवढंसं दीडवीत पाखरू, पर म्हणत्यात टिटवीनं समुद्र आटवला. अशीच आटवला असंल.

पाणी कुठं ठेवलंयस ते लिव.

शेवंती


परळ,
ता. ५ मे

आक्कास साष्टांग.

होय, मीच. लिहिलं बघ एकदा. ती बाई कुत्र्याला घेऊन आली, गॉगल वर करून विचारलं, "आजी, हा कुठला बर्ड?" मला आजी म्हणाली. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि आजी. माझ्या तोंडातून मानकरीण बाहेर पडली, मग शंभर वर्षं, मग अकरा. ती फोनवर लिहून घेत गेली तसा मला चेव आला. वाटलं, संध्याकाळपर्यंत विसरेल. आपल्याकडची माणसं थाप ऐकली की हसून तंबाखू मळतात. ही समिती काढेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाय.

चाळीत कुणाला बोलले नाय. ज्या रात्री बोर्डावर कागद लागला त्या रात्री जेवण गेलं नाय. समोरची गुणवंती कोळीण, तिचा सासरा अंथरुणाला खिळलाय. तो रोज विचारतो, "लिफ्टवाली बिल्डिंग झाली काय गं?" आणि ती सांगते, "होतेय मामा, रंग चाललाय." तिच्या थापेनं एक म्हातारा जगतो, माझ्या थापेनं चाळ बुडायची.

तुझं पत्र आलं आणि परातीचं ध्यानात आलं. पाणी जिकडं, टिटवी तिकडं. तू लिहिलंस आणि तुला कळलं पण नाय काय लिहिलंस. का कळलं होतं?

परात मी त्या दिवसापासून रोज चार पावलं सरकवली. आमच्या पत्र्यापलीकडं गल्लीएवढा डांबरी रस्ता, आणि रस्त्यापलीकडं टॉवरचं आवार. त्यात त्यांचं क्लबहाऊस आणि पोहायचा तलाव व्हायचाय. जमीन सपाट करून ठेवलेली, मुरूम, खडी, मधे मधे गवताचे चार ठोंब. अगदी आपला माळ.

२९ ला अंडी फुटली. चार पिल्लं, काड्यांवर कापूस ठेवल्यासारखी. तीस तारखेला संध्याकाळी मी परात टॉवरच्या कुंपणाखालून आत सारली.

एक मेला सुट्टी, म्हणून समितीनं महोत्सव ठेवला. सकाळी साताला दोनशे माणसं, रस्ताभर. इकडं टिटवी पिल्लं घेऊन पत्र्याखाली येऊन थांबलेली. ऊन चढत होतं. मान बाहेर काढायची, माणसं दिसली की आत. पलीकडं पाणी, मधे दोनशे जोडी बूट. कर्णेवाले सांगत होते, "पक्षी आज का दिसत नाही, यावर आपण चिंतन करू."

मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेले, पदर खोचला आणि पडले. साधी नाय पडले. फरफटत पडले. "पाय गेला गं माझा" म्हणून असा गळा काढला की लालबागपर्यंत गेला असेल. दोनशे माणसं पळत आली. निम्मी उचलायला, निम्मी फोन वर धरून. शेफालीबाई खाली बसून माझा पाय चोळत होत्या, खरंच चोळत होत्या, आक्का, त्या क्षणी मला त्यांची दया आली. म्हणत होत्या, "आजी, तुम्ही आमच्या समितीच्या प्रेरणास्थान आहात." मी म्हटलं, "जरा वरती चोळा."

त्यांच्या खांद्यावरून मी बघत होते. रिकाम्या रस्त्यावरून टिटवी चालली होती. मागं चार कापसाचे गोळे. पळायचे, थबकायचे, पळायचे. कुंपणाखालून आत गेले. मग मी उठले आणि म्हटलं, बरं वाटतंय. मयूर तेवढा माझ्याकडं बघत होता. जाताना परातीकडं बघून हसला.

दुसऱ्या दिवशी शामरावाला मी सगळं सांगितलं, थापेसकट. तो म्हणाला, "ताई, ते बोर्डावरचं पत्र काढून आणा." त्यानं तेच पत्र शेफालीबाईंच्या सोसायटीला पुन्हा लिहिलं. शब्द एक बदलला नाय, फक्त 'आपल्या मागील भूखंडावर'च्या जागी 'आपल्या क्लबहाऊसच्या जागेवर' आणि खाली 'आपली भूमिका आम्हांला पूर्णपणे मान्य आहे'. एक प्रत वॉर्ड ऑफिसला. "जिथे ही टिटवी नांदते तिथे एक वीटही रचली जाऊ नये." त्यांच्या विटा रस्त्याकडेला रचून तयार आहेत.

आता वाट बघते. दहा दिवस राहिलेत.

तुझी,
मालन


परळ,
दि. ९ मे

श्रीमती मालनताई यांस,

स.न.वि.वि.

आपली प्रकृती आता उत्तम असेल अशी आशा आहे. समितीच्या वतीने आपणांस कळविण्यात येते की पक्षीतज्ज्ञ श्री. मयूर यांच्याशी सविस्तर चर्चा केली असता, सदर पक्षी ही मानकरीण टिटवी नसून सर्वसाधारण माळटिटवी असल्याचे निष्पन्न झाले आहे. ही टिटवी मोकळ्या माळरानांवर अनेक ठिकाणी आढळते व तिच्यासाठी कोणतेही बांधकाम थांबविण्याची आवश्यकता नाही, असे पत्र आम्ही वॉर्ड ऑफिसला आजच दिले आहे. भावनेच्या भरात निर्णय न घेता विकास आणि निसर्ग यांचा समतोल साधावा, ही आमच्या सोसायटीची पहिल्यापासूनची भूमिका आहे.

पारंपरिक ज्ञानाबद्दल आम्हांला आदर आहेच. मात्र यापुढे आपण आम्हांला काही सांगू नये ही विनंती.

आपली,
शेफाली


परळ,
ता. १४ मे

आक्का,

शेफालीबाईंचं पत्र सोबत पाठवते, देवापुढं ठेव.

त्यांनी वॉर्ड ऑफिसला दिलेल्या पत्राच्या चाळीस झेरॉक्स शामरावानं काढल्या. टिटवी साधी ठरली, तेव्हा ती आमच्याकडं पण साधीच. थांबवलेलं काम सोडलं. काल सकाळी, मुदत संपायच्या दोन दिवस आधी, नारळ फुटला. मुहूर्त नव्हता. शामराव म्हणाला, "मुहूर्ताची माणसं वाट बघून गेली, आता उरल्यांनी फोडायचा." पहिला खड्डा खणला तिथं मी आधी जाऊन खडी चाचपून आले. रिकामी होती.

गुणवंतीच्या सासऱ्याला खुर्चीत घालून आणला. तो खड्ड्याकडं बघून म्हणाला, "रंग कुठाय?" ती म्हणाली, "मामा, आतून देतात आधी."

तुला खरं सांगायचं ठरवलंय म्हणून लिहिते. एक पिल्लू सोमवारी कावळ्यानं नेलं. इथल्या बिल्डिंगांवर कावळे फार. मी परात तिकडं सारली नसती तरी नेलं असतं की नाय, ते माहीत नाय. राहिलेल्या तिघांसाठी मयूर रोज येतो. टॉवरच्या मुकादमाशी बोलून त्यानं मशीन दुसऱ्या टोकापासून लावायला सांगितलंय, पिल्लं उडेपर्यंत. मुकादम सातारचा निघाला. त्याला मी चहा नेते. त्याला काय थाप मारावी लागली नाय, टिटवी म्हटल्यावर त्याला कळलं.

नव्या बिल्डिंगची यादी लागली. तीन वर्षांनी का होईना, मला खोली मिळणार. एकोणिसावा मजला.

तुझी,
मालन


वरचा माळ,
२१ मे

माले,

पत्र देवापुढं ठेवलं न्हाई, सुनेला वाचाय दिलं. ती हसली. मी मशीन लावून ऐकलं.

पिलाचं मनाला लावून घेऊ नको. चारातलं एक जातंच. पर खरं लिवलंस ते बरं केलंस. छडी माफ केली.

आता एक इचारती. सगळा जलम तू तळमजल्याला काढलास. दार उघडलं की वाटंवरचं माणूस, येणाऱ्या-जाणाऱ्याची खोडी काढल्याबिगर तुला घास उतरत न्हाई. एकोणिसाव्या मजल्यावर कुणाची खोडी काढशील? घारीची? टिटवी कधी झाडावर बसल्याली बघितलीस का? तिच्या पायाला मागचं बोटच न्हाई, फांदी धरायला. तू घर मिळवलंस, पर तुझं तिथं कसं हुईल, हे मला समजत न्हाई. तिथनं तुला माळ दिसणार न्हाई, माणूस दिसणार न्हाई.

रामदास म्हणतो, मावशीला इकडंच बोलव.

शेवंती


परळ,
ता. ८ जून

आक्कास नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

परवा तिन्ही पिल्लं उडाली. आधी क्लबहाऊसच्या विटांवरून, मग रे रोडच्या बाजूला, तिथं गोदीकडं अजून मोकळ्या जागा आहेत म्हणतात. मयूर म्हणाला. मयूरची पण मी खात्री करून घेते हल्ली. टिटवी जाताना एकदा आमच्या खड्ड्यावरून ओरडत गेली. चाळीतली माणसं म्हणाली, अपशकुन. मी म्हटलं, गप बसा, ती केलेल्या कामाचं बिल पाठवत नाय ते नशीब.

परात घरी आणली, घासली. त्यात पीठ मळते.

शेफालीबाई काल कुत्र्याला घेऊन पत्र्यापाशी उभ्या होत्या. आमचा खड्डा बघत होत्या. वर त्यांच्या खिडकीतून समुद्र दिसत असेल अजून, तीन वर्षं दिसेल. मी गेले. म्हटलं, "बाई, आमची बिल्डिंग झाली की मी तुमच्यापेक्षा चार मजले वर. माझ्याकडं या समुद्र बघायला." त्यांनी वर आपल्या खिडकीकडं बघितलं. जरा वेळानं म्हणाल्या, "आजी, चहा मिळेल?" मी दिला. साखर विचारून.

आता तुझ्या सवालाचं. मी गावी येत नाय. तुझ्या सुनेशी माझं पटेल आणि मग तुझं कसं व्हायचं? एकोणिसाव्या मजल्याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण आई काय सांगायची आठवतं? टिटवी पाय वर करून झोपते. आभाळ कोसळलं तर आपणच तोलू, असं त्या चिमटीएवढ्या पाखराला वाटतं. आपण हसायचो.

मी तिथं पण खाली फरशीवरच अंथरूण घालीन. दार उघडं टाकीन. लिफ्टमधून कोण ना कोण उतरेलच. आणि झोपताना पाय वर करीन. एवढ्या उंचावर, आक्का, आभाळाला कुणीतरी टेकू द्यायलाच पाहिजे.

तुझी,
मालन